पहिल्या आवृत्तीतला पेला

"चोर आहात तुम्ही लोक! आवाज चोरता आणि वर नवी आवृत्ती म्हणून आमच्याच गळ्यात मारता!"

कुरामोची फोनवर ओरडत होता. पलीकडे रेकॉर्ड कंपनीचा माणूस तेच तेच सांगत होता. मूळ टेपवरूनच केलंय, काही पुसलेलं नाही, टेपवर पेल्याचा आवाजच नाही.

"नाही? मी जन्मभर ऐकतोय तो!"

त्याने फोन आपटला.

उत्तर जपानमधल्या मोरिओकात जॅझ ऐकायचं तर कुरामोचीच्या कॉफीघरात. भिंतीवर एकच नियम लिहिलेला: रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. गिऱ्हाइकाने बोटाने दाखवायचं, कुरामोचीच्या बायकोने, सुमिएने, मुकाट्याने कॉफी आणून ठेवायची. कुरामोची स्पीकरसमोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा.

'लोअर स्टेप्स' त्याची लाडकी. दुकान उघडलं त्याच वर्षी घेतलेली. न्यूयॉर्कच्या एका तळघरात, प्यायला बसलेल्या लोकांसमोर वाजवलेली. बाकी रेकॉर्डी दणक्यात संपतात. ही कधी संपली कळतसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एकटा बेस, जाड तारांचं ते खर्जातलं वाद्य, विरत जातो आणि कुठेतरी एक पेला किणकिणतो. टिंग.

या पेल्यावरून तो प्रत्येक नव्या आवृत्तीची लायकी ठरवायचा आणि मासिकात छापायचा. टोकियोची माणसं त्याच्या कानावर विसंबून रेकॉर्डी घ्यायची. त्र्याण्णवच्या आवृत्तीत पेला कर्कश. इंजिनिअरला अक्कल नाही. दोन हजार नऊच्या आवृत्तीत दोनदा वाजतो, उघड दोष. पहिली आवृत्ती मात्र लोण्यासारखी.

आणि या नव्या आवृत्तीत पेलाच नाही. खात्री करायला त्याने कपाटातून पहिली आवृत्ती काढून लावली.

तिच्यातही नव्हता.

त्याने कव्हर उलटसुलट करून पाहिलं. कव्हर त्याचंच, कोपऱ्यावर कॉफीचा डाग. रेकॉर्डच्या लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडाही बरोबर. म्हणजे रेकॉर्ड बदलणारा पक्का जाणकार. असा जाणकार गावात एकच. जुन्या रेकॉर्डींचं दुकान चालवणारा इसोबे, रोज काउंटरकडे तोंड करून बसणारा.

दुपारी इसोबे आला.

"काय मास्टर, हल्ली ही रेकॉर्ड संपली तरी उठत नाही तुम्ही! सुई चरत राहते. परवा शेवटी मीच खाकरलो."

"वय झालं माझं. विषय बदलू नकोस. हिच्यातला पेला तू ऐकलायस ना?"

"ऐकलाय की. रोज."

"मग गेला कुठे?"

इसोबेने बशीतला कप गोल फिरवला. काउंटरकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. सुमिए एप्रिलपासून हाचिनोहेला, बहिणीकडे होती.

"ते मला काय विचारता? वहिनींना विचारा."

"तिला? तिला बेस कळतो की ढोल? बायकोवर ढकलू नकोस. मी दवाखान्यात होतो तेव्हा किल्ली तुझ्याकडे होती."

इसोबेचा चेहरा उतरला. "एवढी वर्षं रोज येतोय मी इथे. चोर म्हणता मला?"

तो कॉफी अर्धी टाकून गेला. पुन्हा फिरकला नाही.

पण त्याचं बोलणं कुरामोचीच्या डोक्यातून जाईना. सुमिए दोन बॅगा घेऊन गेली होती. त्याला वाटलं होतं रुसवा आहे, येईल थंडीच्या आत. रुसलेली बायको दागिने नेते. चिडलेली काय नेईल? नवऱ्याचा जीव जिच्यात, तीच वस्तू.

त्याने फोन लावला.

"माझी पहिली आवृत्ती तू नेलीस."

"इतक्या महिन्यांनी फोन केलात, तो यासाठी?"

"तिच्यात पेला नाही, सुमिए."

"येते मी," ती म्हणाली.

दुकान बंद असतं त्या दिवशी ती आली. कोट न काढता सवयीने काउंटरमागे गेली. तो तिच्या हातातल्या बॅगेकडे बघत राहिला.

"बॅग उघड."

"आधी रेकॉर्ड लावा."

"लावतो. कानांनी ऐक म्हणजे कळेल काय केलंयस ते. आणि मध्ये बोलायचं नाही."

"ते मला नका शिकवू."

त्याने दुसरी बाजू लावली, खुर्चीत बसला, डोळे मिटले. पियानो थांबला. ड्रम थांबला. एकटा बेस विरत गेला.

टिंग.

लोण्यासारखा. कुरामोची ताडकन उठला.

"हाच! हाच तो! आणलीस ना परत? कधी बदललीस?"

तो वळला. बॅग बंदच होती. सुमिएच्या एका हातात बशी होती, दुसऱ्या हातात चमचा.

"त्र्याण्णवला कर्कश वाजला म्हणून छापलंत ना? त्या दिवशी माझी आई गेली होती. आणि नऊ साली दोनदा वाजला, कारण तुम्हाला सुई उचलायला उठवायचं म्हणून पहिल्यांदा वाजवला तेव्हा तुम्ही उठलाच नाहीत."

कुरामोचीचं बोट सवयीने ओठांवर गेलं. बेस अजून चालू होता. मग तोही संपला आणि सुई चरू लागली.

"संपली रेकॉर्ड," सुमिए म्हणाली. "आता बोला. चाळीस वर्षं तुम्ही ऐकत काय होतात?"