दारावरचा पाला

उकंडरावानं बैलगाडीत कडबा पसरला होता. वर गोधडी टाकायची, कौशीला झोपवायचं आणि दिवस बुडायच्या आत पैनगंगा ओलांडून तिला वऱ्हाडात मावशीच्या घरी पोचवायचं, एवढा सरळ बेत. अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता. निजामाच्या मुलखात गावोगाव धाडी पडत होत्या. सेनगावकडच्या एका वस्तीतून दोन तरण्या पोरी गेल्या त्या गेल्याच, ही खबर कालच आली होती. कौशी सोळाची, एकुलती एक, नवसाची.

मंजुळाबाई, त्याची बायको, दारात येऊन म्हणाली, "बैल सोडा. पोरगी कुटंच जायची न्हाई."

"काहून? येड लागलं का तुला?"

"वाटंत गाठलं तर काय करसाल? त्यापरीस घरीच बंदोबस्तानं ठिवू. दाराला लिंबाचा पाला बांधा. घरात देवी आल्यात म्हनून सांगा. त्या नावाला समदे भेत्यात."

उकंडराव बघतच राहिला. एवढी वर्षं संसार केला, पण बायकोचं डोकं असंही चालतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"पर मला खोटं बोलता येत न्हाई गं. माझं थोबाडच सांगतंय."

"तुमी निसतं दारात बसा."

"आन तुझ्या तोंडावर तर देवीचे वण हायतच ल्हानपनापासून! कोन शक घेईल?" उकंडराव स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मंजुळाबाई आत गेली.

मग त्यानं घराचा असा बंदोबस्त केला की मुंगीला वाट राहू नये. मागचं दार दगडमातीनं बुजवलं. परसातल्या भिंतीवर बाभळीचे काटे रचले. रांजण काठोकाठ भरले, गोवऱ्या आणि ज्वारीची पोती घरात ओढली. कौशीला मधल्या खोलीत ठेवलं, आणि दाराला हिरवागार पाला बांधला. बघता बघता गावभर झालं, उकंडरावाच्या घरी देवी आल्यात. शेजारीण दूध ठेवायची तेही लांब, कट्ट्यावर.

मंजुळाबाईनं सोंग मात्र अगदी पक्कं वठवलं. फोडणी बंद, वहाणा बाहेर, त्याची दाढीसुद्धा बंद.

"अगं, खोट्या देवीला एवढं सोवळं काहून?" गाल खाजवत उकंडराव म्हणायचा.

"फोडणीचा वास गेला की बिंग फुटंल. गप बसा."

मधल्या खोलीत तर ती त्याला पाऊल टाकू देईना. "तुमाला देवी आलेल्या न्हाईत, समद्या गावाला ठावं हाय. तुमी बिनघोर आत-बाहेर करताना दिसलाव की लोक काय म्हनतील?"

बोलणं बराबर होतं. मग तो ओसरीवरूनच हाक मारायचा, "कौशे, कंटाळलीस का गं?"

"झोपली हाय," आतून मंजुळाबाईच सांगायची.

"मजा हाय बाबा एका मानसाची! काम ना धाम."

वरवर असं बोलायचा, पण त्याचं मन त्याला आत खात होतं. कुणी पोरीचं विचारलं की याला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं. रोज सकाळी तोंड धुतलं की तो देवीच्या ओट्याकडं हात जोडायचा. "माय, लेकरासाठी खोटं बोलून राहिलो. काय दंड करायचा तो मला कर. तिच्याकडं बघू नको."

एका दुपारी धाड आलीच. कुत्री भुंकली, दारं धडाधड लागली. म्होरक्यानं काठीनं पाला वर केला. मागं पाच-सात जण, हातात भाले.

"अंदर कौन है?"

"लेक हाय... देवी आल्यात..." उकंडरावाची जीभ टाळूला चिकटली.

"झूट बोलता है."

तेवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. असं खोल, असं जिवावरचं, की उकंडरावानंही वळून आत बघितलं. वा रे माझी वाघीण, त्याला वाटलं, बापाला जमलं न्हाई ते तू केलंस!

मंजुळाबाई बाहेर आली. केस सुटलेले, हातात कडुलिंबाच्या पाण्याची वाटी. वणांनी भरलेलं तोंड तिनं उन्हात वर केलं.

"या की आत. बघून जावा," ती म्हणाली. "पोरगी वळखू येत न्हाई, पर बघून जावा."

मागचे भालेवाले केव्हाच गल्लीत पोचले होते. म्होरक्यानं काठी तिथंच टाकली आणि तोही वळला.

पुढं आठवडाभरात तांड्यावरच्या थावरानं बातमी आणली. टोळी पार लांब निघून गेली, आता या अंगाला यायची नाही. उकंडराव पारावरून पळतच घरी आला. आला तसा पाला ओढून काढला.

"मंजुळे! गेले गं मेले! कौशे, ये बाहेर, ऊन बघ जरा!"

त्यानं मधल्या खोलीच्या दाराला हात लावला. मंजुळाबाई आडवी आली.

"अजून चार दिस थांबा. तिला शिवू नका."

"आता कुनाला दाखवायचं हाय हे नाटक?" तो हसला, मग दारावरचा हात खाली घेतला. "पर खरं सांगू मंजुळे, माझ्या जिवाला चैन नव्हती बघ. देवीच्या नावानं खोटं बोललो. पोरीला काही झालं असतं तर मी जगलो नसतो."

मंजुळाबाई मटकन खाली बसली. इतक्या दिवसांत जी रडली नव्हती, ती हुंदके देऊन रडली. उकंडराव गोंधळून तिच्याजवळ टेकला. दाराआडून बारीक आवाज आला, "माय, भूक लागली गं."

मंजुळाबाईनं पदरानं डोळे पुसले. नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फोडांवर आज खपल्या धरल्या. वाचली आपली पोरगी," ती म्हणाली. "तुमी खोटं बोललाच न्हाईत."