शिट्टीची पेटी

पेटीनं शिट्टी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा दुकानात धुळाप्पा तात्यांशिवाय कोणी नव्हतं. ते कधी आले, अमरदीपला कळलं नव्हतं. मान वर केली तर तात्या दाराजवळच्या बाकावर भिंतीला पाठ टेकून बसलेले. अमरदीप दचकला तो शिट्टीनं. ही पेटी वाजायची ती विहिरीच्या तळाशी, हवा मारकी झालेली असते तिथं. भर दुपारी, उघड्या दुकानात तिला वाजायचं काही कारण नव्हतं.

"कशाची पेटी रं ती?" तात्यांनी विचारलं.

"जुना रेडिओ हाय, तात्या. बिघडलाय."

खोटं बोलताना त्याला लाज वाटली. त्याचा थोरला भाऊ सुगत विहिरीत मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल काढायला उतरला आणि तिथंच गुदमरून गेला, तेव्हा त्याला वर काढायला सगळ्यांत आधी धावले होते ते हेच तात्या. पूर्वी लोक विहिरीत आधी पेटता कंदील सोडत. कंदील विझला की माणूस उतरत नसे. आता घरोघर बॅटऱ्या आल्या, मोबाइलचे उजेड आले. हवा कितीही वाईट असो, बॅटरी काही विझत नाही. सुगतही बॅटरी मारूनच उतरला होता. त्याच्या दिवसकार्यानंतर अमरदीपनं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा धंदा सांभाळत ही पेटी करायला घेतली.

पेटी जमली, आणि त्याच्या जिवाला घोर लागला. सोलापूरच्या वकिलांनी बजावलं होतं, की पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत कोणाला दाखवू नका. चारचौघांत दाखवलीत की ती तुमची राहिली नाही, कोणीही उचलेल. तेव्हापासून त्यानं या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही. बायकोला, संघप्रियालाही तो मोटारीचं सामान म्हणून सांगे. पेटीला सुगतचं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं. सोमवारी अर्ज जायचा होता, आणि नेमकी आज ही बया बिघडली होती.

उजेडात बघावं म्हणून त्यानं ती दाराशी, तात्यांच्या बाकाजवळ नेली. तशी ती जास्तच किंचाळली. तात्या जागचे हलले नाहीत. त्यांच्या पायांना ओला गाळ होता. रानात पाणी देऊन आले असतील, असं त्याला वाटलं. अमरदीपनं पुढं ठेवलेल्या चहावर साय धरली होती. तात्या चहाला नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्याच्या अंगावर उगाच काटा आला.

"मला नगं सांगू," तात्या हळूच म्हणाले. "आमच्या बिराप्पाला दाव."

बिराप्पा त्यांचा एकुलता एक मुलगा. अमरदीप ओशाळला. काहीतरी पुटपुटत तो खाली वाकला आणि पेटीची एक तार घट्ट करू लागला. शिट्टी एकदम बंद पडली. हुश्श करून त्यानं वर पाहिलं, तर बाक रिकामा होता.

पेटी पिशवीत घालतो न घालतो तोच शेजारचा शिवकुमार मोटारसायकलवरून आला. धुळाप्पा तात्या विहिरीत बेशुद्ध पडलेत, मोटारी उचलायचा लांब दोर घेऊन चल, म्हणाला. अमरदीपनं पिशवी तशीच खांद्याला अडकवली आणि दोर घेऊन निघाला. तात्या त्याच्या दुकानातून उठून थेट विहिरीवर गेले असणार. म्हातारा आपणहून विचारत होता आणि आपण त्याला रेडिओ सांगितला. वाटभर त्याला दुसरं काही सुचलं नाही.

विहिरीवर गर्दी होती. मोबाइलच्या उजेडात तात्या तळाशी लख्ख दिसत होते, भिंतीला पाठ टेकून, बाकावर बसले होते तसेच. उजेड स्वच्छ आहे म्हणून कोणाला हवेची शंका नव्हती. बिराप्पा कमरेला दोर बांधून काठावर बसला होता. दोघातिघांनी मोबाइलवर चित्रण चालवलं होतं.

अमरदीपला वकील आठवले. अर्ज, पेटीवर घालायचं सुगतचं नाव, सगळं एकदम आठवलं. पिशवीचं तोंड त्यानं मुठीत आवळून धरलं. बिराप्पानं पाय आत सोडले.

"थांब, बिराप्पा. आधी हे बघ."

साऱ्या गावासमोर त्यानं पेटी काढली, दोराला बांधली आणि आत सोडली. निम्म्यात जाताच ती किंचाळू लागली. गर्दी मागं सरकली. ही काय आहे, आत काय बसवलंय, सगळं त्यानं विचारतील तसं सांगून टाकलं. मोबाइल चालूच होते.

आतली हवा हलावी म्हणून लोकांनी वरून पाणी ओतलं, कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालवर केल्या. पेटी गप्प झाली तेव्हाच बिराप्पा उतरला आणि वडिलांना घेऊन वर आला.

तात्यांचं अंग लाकडासारखं ताठलं होतं. अमरदीप हात जोडून तात्यांच्या बायकोसमोर, दगडाबाईंसमोर बसला. "काकू, माझं चुकलं. दुपारी तात्या दुकानात आलते, तवाच म्या त्यांना..."

दगडाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"दुपारी कुठलं रं लेकरा? सकाळच्याला न्याहारीबी न करता हिरीत उतरलेत ते. नळदुर्गला गेले आसतील म्हणून आमी वाट बघत बसलो."

अमरदीपनं मांडीवरच्या पेटीकडं पाहिलं. तिच्यात बिघाड नव्हताच.