दुसरा 'हट'

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये सुमेध सेंटर होता. वाकून बॉल धरायचा आणि मागे उभा असलेला क्वार्टरबॅक दुसऱ्यांदा 'हट' ओरडला, की त्याच क्षणी बॉल त्याच्याकडे द्यायचा. पण पहिल्या मॅचला सुमेधची आई करुणा एवढी ओरडली, की त्याला 'हट' ऐकूच आलं नाही, बॉल हलण्याआधीच बाकीचे पळाले आणि टीमला पेनल्टी बसली.

"आई, प्लीज! आमच्याकडे बॉल असताना ओरडू नकोस ना."

पुढच्या मॅचला ती तोंडावर हात दाबून बसली. 'हट' दोनदा झालं, तरी बॉल हललाच नाही. पुन्हा पेनल्टी!

"आज काय झालं रे? मी तर गप्प होते."

"म्हणूनच तर! तू आलीयेस की नाही, तेच बघत होतो."