शेपटीतली गाठ

सात नंबरची मांजरी टेबलावर आली आणि परीक्षकबाईंनी तिला लगेच ओळखलं. धाकट्या जावेची. मांजर कुणाचं हे कळू नये म्हणून तर नंबर असतात; कळलंच, तर परीक्षकाने टेबलावरून बाजूला व्हायचं, असा नियम. बाई हलल्या नाहीत.

त्यांनी हात जंतुनाशकाने पुसले, मांजरी उचलून उजेडाकडे धरली. राखाडी-निळी लव, बोटं रुतावीत इतकी दाट. तांबूस डोळे. चाळीस वर्षं मांजरांची पैदास करून त्यांच्या घरात असं डोकं जन्मलं नव्हतं. म्हणजे, जन्मलं होतं. त्यांनीच ते देऊन टाकलं होतं.

जावेने हौसेने पिल्लू मागितलं, तेव्हा पाचांतून बाईंनी मुद्दाम हेच निवडलं. शेपटीच्या टोकाशी मणका दुमडलेला. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. असं मांजर कुठल्याही स्पर्धेत बाद. तरी जन्मदाखल्यावर बाईंनी लिहिलं 'निर्दोष', आणि खाली सही ठोकली. उद्या हिने आपल्या शेजारी करंडक घेऊन उभं राहायला नको, एवढंच.

आणि आता हे. सगळं कसं हिला आयतं मिळतं!

"काय देखणी आहे हो," नोंदी घेणारे गृहस्थ म्हणाले. "करंडक गेला म्हणायचा सातला."

समोरच्या रांगेत जाऊ मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाईंचं बोट शेपटीवरून खाली सरकलं. गाठ जागच्या जागी होती. गप्प राहावं, तर करंडक जावेच्या कपाटात. बोलावं, तर दाखल्यावर सही कुणाची?

"बाद," बाई म्हणाल्या. "शेपटीत गाठ आहे."

नोंदीवाल्यांनी फाइलमधला दाखला काढला. सही वाचली. बाईंकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

जाऊ मुलीला घेऊन टेबलाशी आली. आता ही चार माणसांत तोंड उघडणार, म्हणून बाईंनी मान ताठ केली.

"ती गाठ होय, ताई? ती आमच्या या चिमुरडीला कधीची ठाऊक आहे. तिथेच धरून झोपते रोज." जाऊ हसली. "दोष असतो का तो? मला मेलीला काय कळतंय! इथे जिंकलं की मांजर कुणाच्या घरी जन्मलं ते पुकारतात म्हणे. म्हटलं, तुमचं नाव होईल. म्हणून आणली."

मुलीने हात पसरले. बाईंनी मांजरी दिली.

इतका वेळ त्यांच्या हातात ती गप्प होती. मुलीच्या खांद्यावर मान टाकली आणि घुरघुरायला लागली, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतकी.