शाळेचा हात

मुलांच्या त्या जुन्या, नावाजलेल्या खासगी शाळेने आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी सभागृहात ओळीने लावल्या होत्या. आज सर्जनसाहेबांची लागायची होती. भाषणात मात्र ते शाळेची वाहवा करणार नव्हते. वसतिगृहात पोरांना गुरासारखं कसं बडवायचे, ते एकदाचं सांगून टाकणार होते.

मुख्याध्यापकांनी पडदा ओढला. टाळ्या पडल्या. तसबिरीत सर्जनसाहेबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता.

"अगं, माझ्यामागे तर भिंत होती," ते बायकोच्या कानात पुटपुटले.

"मला काय सांगता? फोटो मीच काढलाय."

मग त्यांनी बाकीच्या तसबिरींकडे नीट पाहिलं. न्यायमूर्ती, मंत्री, क्रिकेटपटू, सगळ्यांच्या खांद्यावर तोच हात.

"हा हात कुणाचा?"

"शाळेचा," मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले. "आमच्या प्रत्येक नामवंताच्या मागे असतोच."

कोपऱ्यातल्या संपादकांच्या तसबिरीत मात्र तो गळ्याशी होता.

"त्यांनी शाळेला फार नावं ठेवली हो. एरवी माणूस चांगला होता," मुख्याध्यापक म्हणाले. "चला, आता आपलं भाषण."

बायको पहिल्या रांगेत जाऊन बसली. सर्जनसाहेब माइकसमोर उभे राहिले. घाबरायला ते काही आता नववीत नव्हते.

"या शाळेच्या वसतिगृहात," त्यांनी सुरुवात केली, "आम्हाला..."

"अहो, खाली बसा!" बायको ओरडली. "आधी खाली बसा!"

ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती तसबिरीकडे बघत होती.