सतराव्या पानावरचा ठिपका

बाळ झाल्यापासून दिवसभर तिच्याशी बोलायला घरात कुणी नसायचं. म्हणून ती वाचनालयातून आपल्या आवडत्या लेखकाच्या जुन्या विज्ञान कादंबऱ्या आणायची. प्रत्येकीत सतराव्या पानावर पेन्सिलीचा बारीक ठिपका असे. आपल्याआधी इथं कुणीतरी येऊन गेलंय, एवढ्यानंही तिला बरं वाटे.

शेवटच्या कादंबरीत मात्र ठिपका नव्हता.

"अहो, ते एक आजोबा होते. वाचून झालं की खूण करायचे, तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं तर बायको चिडवते म्हणून," तिनं विचारल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ही तेवढी शेवटी वाचायला राखून ठेवली होती. गेल्या महिन्यात गेले बिचारे."

बाळाला मांडीवर घेऊन, समोरच्या रिकाम्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ती शेवटपर्यंत वाचली. मग सतरावं पान उघडून आधी त्यांचा ठिपका दिला आणि शेजारी आपला.