बत्तीस बोटं

पुराचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं तशी अकरावीतली शिवांजली भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करायला लागली. पहिल्या तासात पाणी सोळा बोटं चढलं, दुसऱ्या तासात आठ, तिसऱ्यात चार.

"बाबा, ही भूमिती श्रेढी हाय. दर तासाला निम्मं. किती बी तास जाऊ देत, बत्तीस बोटांच्या वर पाणी न्हाय जायचं."

अंगावरनं वारं गेलेल्या आज्ज्याची खाट चाळीस बोटं उंच होती. बाबांनी आधी खाटेकडं बघितलं, मग खुणांकडं. दारात माणसं न्यायला होडी आली होती.

"जावा पावणं, पुढच्या घरात बघा. म्हाताऱ्याला हलवायला नको. आमची पोरगी गणितात पैकीच्या पैकी हाय!"

आज्ज्याचं दिवसकार्य उरकल्यावर शिवांजली कॉलेजात गेली. फळ्यावर तीच श्रेढी होती. सरांनी तिलाच उठवलं.

"अनंत पदांची बेरीज काढायची, तर अट कोणती?"

"वर धरणाची दारं उघडायला नकोत, सर."